छताला न टेकलेला खांब

४ जानेवारी

प्रिय मांजरीस,

कंपनीच्या ट्रेसिंग रूममधला, आपण नकाशे शाईने गिरवायचो तिथला, तो पंखा तुला आठवतो का? रेग्युलेटर बिघडलेला, त्यामुळे एकतर बंद, नाहीतर भरधाव. एका दुपारी मोठ्या ड्राफ्ट्समननी तो लावला आणि टेबलावरचे नकाशे उडायला लागले. तू या टोकाकडून, मी त्या टोकाकडून, दोघी टेबलावर पालथ्या पडलो. मोठे ड्राफ्ट्समनही खिडकीजवळच्या कागदांवर पसरले, मग बटण बंद करायला कोण जाणार? चांगली पाच मिनिटं आपण नकाशांवर गाल टेकवून एकमेकींकडे बघत हसत होतो. उठलीस तेव्हा तुझ्या गालावर पेन्सिलीचा अख्खा जिना उमटला होता. पायऱ्या मोजता येत होत्या. त्या दिवशी बाकी काहीच घडलं नाही. आज सकाळी चहा गाळताना एकदम तेच डोळ्यांसमोर आलं, म्हणून हे पत्र.

दुसरं कारण, बातमी आहे. मी कंपनी सोडली. एक्केचाळीस वर्षांनी!

तू नोकरी सोडून गेल्यावर मी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन इंजिनिअर झाले, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून इमारतींचे हिशेब मी करायचे आणि खाली सही साहेबांची. साहेब गेले, मग सही छोट्या साहेबांची. छोट्या साहेबांना मी कडेवर घेऊन फिरवलंय गं. परवा ते मला म्हणाले, "मावशी, हे आकडे जरा सोपे करून सांगा ना, मला खाली सही करायची आहे." मी त्याच संध्याकाळी राजीनामा लिहिला. त्यावर मात्र माझीच सही लागली.

आता मी स्वतंत्र सल्लागार. मुलाच्या रिकाम्या खोलीत टेबल मांडलंय, दारावर पाटी लावलीय. सूनबाई पाटीकडे बघून म्हणाली, "आई, सल्ला तर तुम्ही आधीपासूनच देता. आता पाटी कशाला?"

पण एक मेख आहे. सल्लागारांची नोंद ठेवणारी जी परिषद आहे तिचा नियम असा, की ३१ मार्चच्या आत माझ्या एकटीच्या सहीचा एक तरी अहवाल मंजूर झाला पाहिजे. नाहीतर नाव कायमचं वगळणार. मग पाटी उतरवायची आणि परत छोट्या साहेबांकडे. त्यांनी माझी खुर्ची तशीच ठेवली आहे. वर माझी उशीसुद्धा.

देवाच्या दयेने पहिलं काम आलं आहे. इथल्या वजनमाप कार्यालयाचं. त्यांच्या हॉलच्या ऐन मध्यात, दार आणि खिडकी क्रमांक एक यांच्या मध्ये, एक खांब आहे. मीटरभर जाडीचा! खिडकीत आवक-जावक कारकून बसतात. नोकरीच्या एकोणीस वर्षांत त्यांना जनतेपैकी कुणीही पाहिलेलं नाही. कागद खांबाला वळसा घालून पुढे करायचा, मागून ठप्प असा आवाज येतो, कागद शिक्का होऊन परत. खांब काढता येईल का, एवढंच मला सांगायचं आहे.

तुझी,
टाचणी


१५ जानेवारी

प्रिय टाचणे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि यांना एकदा वाचून दाखवलं. यांनी ताबडतोब कपाटातून टेप काढून आमच्या घरातले चारही खांब मोजले. एकही मीटरभर भरला नाही, तेव्हापासून ते जरा हिरमुसलेत. मीटर-दुरुस्तीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, पण मोजण्यातून अजून झालेले नाहीत. काल माझी ताप बघायची काचेची नळी त्यांनी दुसऱ्या नळीने तपासली.

तुझ्या पाटीचं वाचून आधी हसू आलं आणि मग डोळे पुसावे लागले. तू शाळेतही तशीच होतीस. रांगेत सगळ्यांत बारीक, सगळ्यांत ताठ. सिस्टर म्हणायच्या, या मुलीला कुठेही टोचून ठेवा, सरळ उभी राहील.

पण एक सांगू? पहिलंच काम म्हणून हा खांब घेऊ नकोस. उभा आहे तर राहू दे बिचारा. कुणाची गॅलरी घे, कुणाची पाण्याची टाकी घे. खांबाचं काम वाईट.

इमारत कुठल्या सालची आहे? आणि खांब गोल आहे का गं? सहज विचारते.

तुझी,
मांजर


२ फेब्रुवारी

प्रिय मांजरे,

हो, गोलच आहे. मागच्या पत्रात मी लिहिलं असेल. आणि साल म्हणशील तर आपलंच! कंपनीत लागलो ते पहिलं वर्ष. इमारतीचे नकाशेही आपल्याच कंपनीने काढलेले आहेत. काय योगायोग बघ.

आता गंमत ऐक. परवा मी शिडी लावून वर चढले. (सूनबाईला सांगितलेलं नाही.) खांबाच्या डोक्यावरचं प्लास्टर जरा खरवडलं, तर खांब आणि छत यांच्यामध्ये फट! पहिल्यांदा मला वाटलं चष्मा पुसायला हवा. मग पिशवीतून माझं नवं कोरं व्हिजिटिंग कार्ड काढलं, या बाजूने आत सरकवलं, पट्टीने ढकललं, आणि ते त्या बाजूने खाली पडलं. थेट आवक-जावक कारकुनांच्या टेबलावर. त्यांनी त्यावर शिक्का मारून परत दिलं. माझं पहिलं कार्ड असं खर्ची पडलं.

म्हणजे बघ, हा मीटरभर जाडीचा खांब एक्केचाळीस वर्षं तिथे नुसता उभा आहे. काहीही उचलत नाही.

मी आनंदाने धावत कार्यालय प्रमुखांकडे गेले. म्हटलं, "साहेब, खुशाल काढा. याच्यावर भार नाही."

ते म्हणाले, "म्हणजे किती?"

"म्हणजे नाहीच."

"बाई, आमचं वजनमाप कार्यालय आहे. नाहीच असं वजन नसतं. फॉर्ममध्ये लिहायचं असतं, अमुक इतका भार होता, तो तमुक ठिकाणी हलवला. हलवायला भार नसेल तर खांब काढता येत नाही."

"मग करायचं काय?"

ते शांतपणे म्हणाले, "आधी त्याच्यावर थोडा टाका."

अगं, खरंच म्हणाले! फटीत लोखंडी पट्ट्या ठोकायच्या, छत त्यावर टेकवायचं, म्हणजे खांबावर भार येईल. मग तो भार दुसरीकडे हलवायचा. मग खांब काढायचा.

यावर कडी म्हणजे छोट्या साहेबांचा फोन. त्यांना कुठून कळलं देव जाणे. "मावशी, पट्ट्या ठोकून द्या. हिशेब तुम्ही करा, सही मी करतो. परिषदेत माझी ओळख आहे. कशाला या वयात शिड्या चढता?" फार गोड बोलतात. लहानपणी माझ्या खांद्यावर झोपायचे, तेव्हापासूनच गोड.

मी काही पट्ट्या ठोकणार नाही. पण नुसतं "भार नाही" म्हणून भागणार नाही. खांब मुळात आला कुठून, हे दाखवावं लागेल. कंपनीच्या गोदामात मूळ नकाशे अजून असतील. उद्यापासून तिथे बसते.

तुझी,
टाचणी


११ फेब्रुवारी

टाचणे,

गोदामात जाऊ नकोस. धूळ असते आणि तुला खोकला आहे.

थोडासा भार लिहून टाक ना. चार-पाच किलो. कुणाला कळणार आहे? एवढ्या मोठ्या खांबावर निदान कोळ्यांची जाळी तरी असतील, त्यांचं धर.

यांचा नमस्कार.

मांजर


६ मार्च

प्रिय मांजरे,

चार-पाच किलो! तुझं पत्र वाचून मी गोदामात एकटीच हसत बसले होते. मग तीन आठवडे हसले नाही, म्हणून लिहिलंही नाही.

मूळ नकाशा सापडला. पेन्सिलीचा, कडा खाल्लेल्या. त्यात हॉल आहे, खिडक्या आहेत, दार आहे आणि मध्ये शाईचा एक गोल डाग आहे. खांब नाही गं, डाग! कुठल्या तरी झाकणाचा असावा. आपल्या मोठ्या ड्राफ्ट्समनना शाईच्या बाटलीचं झाकण कुठेही ठेवायची खोड होतीच. त्याच्याखाली आपलं ट्रेसिंग क्लॉथ होतं, आणि त्यावर त्याच जागी कंपासने काढलेलं सुरेख वर्तुळ. कोपऱ्यात ट्रेस करणारीची अक्षरं. माझी.

मी डाग ट्रेस केला, मांजरे.

तुला आठवत असेल, आपल्याला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं. दिसेल ते काढायचं, विचारायचं नाही. शाळेतही तेच. फळ्यावर असेल ते आधी उतरवून घ्या. एकोणीस वर्षांची मुलगी, तिने डाग बघितला आणि कंपास उचलला. पुढचं मी गोदामातल्या टिपणांवरून जुळवलं. मोठ्या ड्राफ्ट्समननी वर्तुळ पाहिलं, साहेबांनी घातलं असेल म्हणून त्याखाली "गोल खांब" लिहिलं. साहेबांनी "गोल खांब" वाचलं, ड्राफ्ट्समनना काहीतरी ठाऊक असेल म्हणून सही केली. आणि बांधणाऱ्याने सगळ्यांचा मान राखला. नकाशात होता म्हणून खांब बांधला, छताच्या हिशेबात नव्हता म्हणून टेकवला नाही.

पुढे ऐक, आणि आधी खाली बस. तोच नकाशा वजनमापवाल्यांनी सगळ्या शाखांना वापरला. अकरा शाखा, अकरा खांब. एका ठिकाणी त्याच्याभोवती गोल बाक केलाय. एका ठिकाणी त्याला दरवर्षी रंग देतात, कारण तो इमारतीचा मुख्य आधार आहे अशी तिथल्यांची समजूत आहे.

मी अहवाल लिहिला. शेवटी लिहिलं, "सदर खांब ही चूक आहे. चूक करणारी व्यक्ती खाली सही करणारीच आहे." आणि सही केली. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हिशेबाखाली सही, आणि ती अशी. पण खोटं सांगत नाही, बरंही वाटलं.

परिषदेने अहवाल परत पाठवला. दोन हरकती. एक, डाग नेमका कशाचा, याचा पुरावा नाही. दोन, आणि ही मी तीनदा वाचली: सल्लागाराचं मत स्वतंत्र हवं. चूक करणारी ट्रेसर आणि मत देणारी सल्लागार एकच असल्याने मत स्वतंत्र धरता येत नाही. त्या ट्रेसरशी सल्लागाराचा आज संबंध नाही, असं दोघींना ओळखणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीकडून लिहून आणावं.

दोघींना! सूनबाई म्हणाली, "आई, त्या मुलीशी भांडून टाका, म्हणजे संबंध नाही म्हणता येईल." मुलगा म्हणाला, "सोड आता, छोट्या साहेबांना फोन कर." पंचवीस दिवस उरलेत. उशी वाट बघते आहे.

मोठे ड्राफ्ट्समन तर केव्हाच गेले. झाकणाचं आता कोण सांगणार?

तुझी,
टाचणी


१४ मार्च

टाचणे,

झाकण नव्हतं ते. अंगठी होती.

माझी. तुझं पत्र आल्यापासून मी हे वाक्य लिहायचा प्रयत्न करतेय. लिहिते आणि फाडते. शेवटी यांनीच पेन हातात देऊन म्हटलं, "आता एका दमात लिही, मी बाहेर जाऊन बसतो." ते बाहेर बसलेत. मधूनमधून खोकतात, म्हणजे मी लिहितेय का ते कळावं.

आपण दोघींनी संध्याकाळच्या वर्गाचे अर्ज एकाच वेळी आणले होते. एकाच पेनने भरले. तू तुझा दिलास. माझं त्याच आठवड्यात लग्न ठरलं आणि मी माझा अर्ज फाडला. तुला सांगायची हिंमत झाली नाही. तू इतकी खूष होतीस, दोघी इंजिनिअर होणार म्हणून तू बसची वेळसुद्धा बघून ठेवली होतीस. अंगठी मी ऑफिसात हातरुमालात बांधून आणायचे आणि कुणी नसलं की घालून बघायचे. त्या दिवशी रेघा ओढायच्या रेखणीत शाई भरत होते, बोटं माखलेली, अंगठी माखलेली, आणि तुझी पावलं ऐकू आली. काढून समोरच्या नकाशावर ठेवली आणि वर हातरुमाल टाकला. तू आलीस, म्हणालीस, "मांजरे, आज बस लवकर आहे." अंगठी रुमालासकट उचलली आणि आपण गेलो.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर तू ते वर्तुळ ट्रेस करून मोकळी. इतकं सुरेख काढलं होतंस गं! सांगायला गेले असते तर अंगठीचंही सांगावं लागलं असतं. म्हटलं, मोठ्या माणसांपैकी कुणीतरी पकडेलच. मग महिनाभरात मी निघून गेले, लग्नाचं तुला मागाहून पत्राने कळवलं. खरंच बांधतील असं मला कधी वाटलं नाही. तू पहिल्या पत्रात खांब लिहिलास तेव्हाच मला तो डाग आठवला. म्हणून गोल आहे का विचारलं. म्हणून धूळ, म्हणून खोकला.

अंगठी बोटातून निघत नव्हती. तीन दिवस साबण, मग तेल, मग थंड पाणी. कापून काढू म्हटलं तर हे ओरडले, "कापली तर माप जाईल!" शेवटी निघाली. यांनी व्हर्नियरने मोजली. बाहेरून वीस पूर्णांक चार दशांश मिलिमीटर. तुमचा नकाशा पन्नासपट लहान काढलेला, म्हणजे खांब एक मीटर दोन सेंटिमीटर भरायला हवा. तुझा किती भरतो? यांना झोप नाही. अंगठी काड्यापेटीत घालून रजिस्टर पोस्टाने पाठवतेय.

आणि परिषदेला हवं ते हे. वेगळ्या कागदावरही लिहून सही केली आहे:

"मी सदर ट्रेसर मुलीला शाळेपासून ओळखत होते. ती अतिशय सुबक काम करी आणि कधीही काही विचारत नसे. मी सदर सल्लागार बाईंनाही ओळखते. त्या शिडीवर चढून विचारतात. या दोघींत मला काही संबंध दिसत नाही."

रागावली असशील. रागाव. पण पत्र टाक.

मांजर


२ एप्रिल

प्रिय मांजरे,

रागावले, हो. दोन दिवस पुरले. खांबाचं मला काही वाटलं नाही, त्यात माझा हात तुझ्याइतकाच. पण मी एक्केचाळीस वर्षं अशा समजुतीत होते, की अभ्यास जड जाईल या भीतीने तू गेलीस. मी मनातल्या मनात तुला भित्री म्हणत आले. तू तेव्हा सांगितलं असतंस ना, तर मी आधी नाचले असते आणि घरी जाऊन रडले असते. चाललं असतं की ते.

खांब एक मीटर दोन सेंटिमीटर. भावोजींना झोपू दे.

वजनमापवाल्यांनी अंगठी पुरावा म्हणून घेतली, पण न मोजलेली वस्तू त्यांना दाखल करता येत नाही. त्यामुळे तिघा निरीक्षकांनी तीन उपकरणांवर मोजली, वजन केलं, काड्यापेटीवर "प्रमाणित" शिक्का मारला. शिक्का आवक-जावक कारकुनांनीच मारला. ठप्प.

परिषदेत मला उभं केलं. अध्यक्षांनी तुझा कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, त्या ट्रेसर मुलीशी तुमची शेवटची भेट कधी?"

मी म्हटलं, "एक्केचाळीस वर्षांत गाठ पडलेली नाही."

अध्यक्ष खाली बघून म्हणाले, "लिहून घ्या." अहवाल ३० तारखेला मंजूर झाला. भार या रकान्यात त्यांनी शून्य चालवून घेतलं, पण एकदाच, विशेष बाब म्हणून.

काल खांब काढला. कार्यालय प्रमुखांनी अख्ख्या स्टाफला रस्त्यावर नेऊन उभं केलं आणि मला हॉलच्या मध्यभागी खुर्ची दिली. म्हणाले, "तुमची सही आहे ना, तुम्ही बसा." कामगारांनी वरून तुकडे करत खांब उतरवला. मी छताकडे बघत बसले होते. छत होतं तिथेच राहिलं. जराशी धूळ पडली, ती माझ्या मांडीवर. तासाभराने मी खुर्ची उचलून बाहेर नेऊन दिली तेव्हा प्रमुख सगळ्यांत मागे, समोरच्या दुकानाच्या पायरीवर होते.

मग दार उघडलं आणि पहिली बाई आत आली. खिडकीकडे बघून थबकलीच. म्हणाली, "अय्या, तुम्ही होय! आवाजावरून म्हातारे वाटत होतात." कारकुनांनी भांगावरून हात फिरवला. मुद्दाम नवा शर्ट घालून आले होते म्हणे.

उरलेल्या दहा शाखांचं काम मला आलं आहे. दहा अहवाल, दहा सह्या. सूनबाईने पाटी पुसून लख्ख केली, मी न सांगता.

सोबत गठ्ठा पाठवतेय, त्यातली दोन पाकिटं पोचवायचं काम तुझ्यावर. बाकीच्यांचंही लिहून ठेवते, म्हणजे काही राहायला नको.

वजनमापची मुख्य कचेरी तुमच्याच गावात आहे. मोठं पाकीट तिथे हातोहात दे आणि पोच घे. त्यात दहा शाखांना सूचना आहे, की मी येईपर्यंत कुणीही कुठल्याही फटीत काहीही ठोकू नये. गोल बाकवाल्यांनी बाक जपून ठेवावा, तो चांगला आहे.

छोट्या साहेबांना अहवालाचं फक्त शेवटचं पान, सहीचं. ते मी स्वतः नेऊन देणार आहे. परत येताना उशी घेऊन येईन.

आवक-जावक कारकुनांनी खांबाचा एक तुकडा मागितला होता. दिला. टेबलाशी ठेवलाय, त्यावर पाण्याचा तांब्या असतो.

लहान पाकीट भावोजींचं. निरीक्षकांनी केलेल्या मोजमापाचा मूळ दाखला, तीन सह्यांचा. त्यांना म्हणावं, एवढ्या जाडीची अंगठी आणि तीही अकरा वेळा, जगात कुणी कुणाला दिली नसेल.

काड्यापेटी तुझी. साबण लावून घाल आणि या वेळी सगळ्यांसमोर घाल.

राहिली एक प्रत. नियम असा आहे, की चूक करणाऱ्याला अहवालाची एक प्रत द्यावीच लागते. त्या ट्रेसर मुलीचा पत्ता माझ्याकडे नाही. तिला शेवटचं तूच पाहिलंस, म्हणून ती प्रत तुझ्याकडे पाठवते. भेटली तर दे. म्हणावं, वर्तुळ फार सुरेख काढलं होतंस.

तुझी,
टाचणी